मयताच्या लाकडाचं माप

भरलेल्या पिकअपभोवती चाचा आधी एक चक्कर मारायचे आणि मग रचलेल्या लाकडांच्या फटीत मूठ घालून बघायचे. मूठ आत गेली की गड्यांकडं वळायचे. "काय रे, हवा इकून राहिलेत का? हवेवर भाकर भाजती का कुणाची?" गडी मुकाट्यानं वरची लाकडं काढून पुन्हा रचायचे. वाकडी बाभूळ खाली, सरळ लिंब वर, फटींत ढलप्या. तोवर चाचा चाकाला टेकून बसायचे. "थकलो बाबा," म्हणायचे आणि लगेच उठायचे.

लातूरच्या ट्यूशन एरियात तुम्ही शिकायला राहिला असाल, तर त्यांच्या लाकडावरची भाकरी तुम्ही खाल्लेली आहे. टॉपरांचे फोटो चौकाचौकांत लागतात, क्लासवाल्यांचे मजले वाढतात. त्या पोरांना जेवू कोण घालतं, हे कुठल्याही पोस्टरवर नसतं. मागच्या गल्ल्यांतल्या मेसच्या चुली आणि हॉस्टेलांचे बंब चाचांच्या गाडीवर चालायचे. नांदेड रस्त्याला त्यांची लहानशी वखार होती. लाकूड ते वजनावर देत नसत, गाडीच्या हौद्यावर देत. "वजनात पाणी इकता येतंय," म्हणायचे.

आमच्या गल्लीतल्या मेसवाल्या काकू त्यांना सोडायच्या नाहीत. "चाचा, आजची गाडी ओली दिसायलीय."

"काकू, कालची तुमची आमटी बी लई ओली व्हती. मी काय म्हणलो का?"

मी तेव्हा कष्टकऱ्यांच्या एका संघटनेची पत्रकं लिहीत होते. मेसमागच्या वस्तीत, जिथल्या बाया या चुलींवर भाकऱ्या थापायच्या, तिथं कुणी वारलं की सरणाला लाकूड मिळत नसे. गरिबाच्या सरणाला सरकारी लाकूड द्या, एवढीच आमची मागणी. त्याची लाज कुणाला वाटायला हवी होती, ते मी सांगायची गरज नाही. महापालिकेच्या ऑफिसातल्या बाबूंनी अर्ज परत केला. 'नेमके प्रमाण नमूद करावे.' माणूस जळायला किती लाकूड लागतं, ते आधी लिहून द्या म्हणे!

मी थेट वखारीत गेले. "चाचा, एका मयताला किती लाकूड लागतं?"

त्यांनी तोंड फिरवलं. "त्याचं माप मी सांगत न्हाई. दुसऱ्याला इचार."

दुसऱ्यांना विचारलं. ज्यानं त्यानं आपापल्या सोयीचा आकडा सांगितला. अर्ज तसाच पडून राहिला.

खरं तर वस्तीला लाकूड द्यायचे ते चाचाच, फुकट. त्या गाडीत ते मूठ घालून बघत नसत. मसणवट्यात गाडी लावायची, हौद्याचा मागचा फाळका पाडायचा आणि घरचं कुणी 'पुरे' म्हणेपर्यंत लाकूड उतरवत राहायचं, ही त्यांची रीत. पण वखार रिकामी होत चालली होती. मेसवाले एकेक करून गॅसवर जात होते, आणि चाचांचा खांदा कामातून गेला होता. ते असे किती दिवस पुरणार होते? म्हणूनच मला चीड यायची. एवढं करतात, मग एक माप सांगायला काय जातं?

काकूंच्या मेसमध्ये भाकऱ्या करणारी म्हातारी भर पावसाळ्यात वारली. चाचा मेससाठी भरलेली कोरडी गाडी घेऊन थेट मसणवट्यात आले. बाईमाणसानं तिथं येऊ नये म्हणणाऱ्यांशी हुज्जत घालून मीही गेले होते. तिच्या मुलानं 'पुरे' म्हटलं. चिता पेटली. पाऊस वाढला तसे चाचा केबिनमध्ये बसले आणि मलाही आत बोलावलं.

त्यांनी फडक्यानं आतून काच पुसली. मग म्हणाले, "भूकंप झाला तवा तुझा जन्म बी नसंल. तिकडं किल्लारीकडं मी लाकडाचा ट्रक घेऊन गेलतो. असाच पाऊस. माणसं लई, लाकूड थोडं. कुणीतरी म्हणलं, हा लाकूडवाला हाय, ह्यालाच वाटू द्या. मग मी वाटलं पोरी. हातानं मोजून मोजून वाटलं. पुरंना."

"चाचा, तुम्ही तरी काय करणार होतात?"

"ऐक. पुरंना, म्हणून लेकरांना कमी टाकलं. शाळंतली लेकरं. म्हणलं, लहान हायती, भागंल."

चाचांनी काचेतून चितेकडं बोट केलं. 

"त्या दिसापासून मयताला माप लावलं न्हाई. पण आता मी थकलो. माझ्या मागं वस्तीला कोण देईल? काढ तुझा कागद. लिही. एका मयताला पिकअपचा हौदा, कडेपर्यंत." मी लिहिलं. त्यांनी माझ्या हातावर बोट ठेवलं. "लेकराला बी तेवढंच. एक काडी कमी न्हाई. ते येगळं लिही."

ऑफिसात त्या ओळीवरच अडलं. बाबू हसले. "अहो ताई, लेकराला एवढं कशाला? निम्मं करू." मी म्हणाले, "खोडा. पण खाली सही करा, की तुम्ही खोडलं." त्यासाठी आम्ही दारात बसलो, घोषणा दिल्या, पोलिसांनी उचलून नेलं तर पुन्हा येऊन बसलो. शेवटी ओळ राहिली.

चाचांना ते कळलं नाही. मंजुरी यायच्या आधीच्या उन्हाळ्यात ते गेले. वखारीच्या जागी आता अभ्यासिका आहे, एसीवाली.

पहिली सरकारी गाडी आली ती चौथीतल्या एका पोरीसाठी. ड्रायव्हर नवा होता. हौदा बघून मला हळूच म्हणाला, "मॅडम, एवढ्याशा लेकराला एवढं?" मी कागद दाखवला. तो उतरवायला लागला. पोरीचा बाप बाजूला उभा होता, त्या वाढत्या ढिगाकडं बघत. हौद्यात शेवटची दोन-चार लाकडं उरली तेव्हा तो पुढं आला, ड्रायव्हरला मागं सारलं आणि ती त्यानं स्वतः उतरवली.