चहाच्या रंगाचं पाणी

आईबापाचं ते भांडण लेकीने आठ वर्षांची असताना ऐकलं. दुपारी झोपल्याचं सोंग करून पडली होती.

"अहो, पडदे बघा. धुऊन आठ दिवस नाही झाले, पिवळे पडले."

"खिडकी उघडी ठेवूनच ओढतो ना? धूर जातो बाहेर."

"धूर जातो. मागे राहतं ते हलत नाही, रुसलेल्या जावयासारखं."

"बरं बाई, रंग मारून देतो. झालं?"

बाप रंगारी होता. त्याच्या लेखी कुठल्याही दुखण्याला रंगाचे दोन हात पुरत. कामात मात्र वाघ. गिऱ्हाइकाला दटावायचा, "तेलकट भिंत आधी धुवा, नाहीतर डाग वर येतो." स्वतःच्या खोलीला दर तीन वर्षांनी न धुताच रंग, आणि त्याच खोलीत, गादीच्या खुर्चीत बसून दिवसाला पंधरा सिगरेटी. बायको बोलून बोलून थकली, आणि एका वर्षी तापाने गेलीही.

नात झाली त्या दिवशी मात्र गड्याने सिगरेट सोडली ती सोडलीच. खोलीला पांढऱ्याचे दोन हात दिले. नात रांगू लागल्यावर लेक रोज सकाळी तिला त्याच्याकडे ठेवून कामावर जाऊ लागली. पोरीला सगळे मुंगी म्हणत, कारण जमिनीवर सापडेल ते तोंडात. आजोबांच्या खुर्चीचा हात तर तिने चोखून ओला केलेला.

महिन्याभरात मुंगीची छाती शिटीसारखी वाजायला लागली. रात्र रात्र खोकला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कोण ओढतं?"

"कोणी नाही. मी सोडून वर्ष होत आलं," रंगारी ऐटीत म्हणाला.

"आणि आधी?"

"तीस वर्षं."

"मग ते खोलीतच आहे. भिंतीत, गादीत, धुळीत चिकटून बसतं. मूल त्यावरच रांगतं, तेच हात तोंडात घालतं. हिची छाती मुळात नाजूक, त्यात ही भर. रंगाने ते जात नाही, आजोबा."

रंगाऱ्याच्या खोलीवर येऊन बापलेकीने भिंतीकडे पाहिलं. पांढऱ्यातून पिवळे ओघळ वर आले होते.

"आई सांगत होती," लेक म्हणाली. मुंगीला उचललं आणि निघाली.

रंगाऱ्याने खुर्ची, गादी, पडदे सगळं टाकून दिलं. मग साबणाचं गरम पाणी घेऊन भिंती धुवायला लागला. फडकं पिळलं की बादलीत चहाच्या रंगाचं पाणी. तीन भिंती झाल्या. छताकडे हात केला की मात्र त्यालाच धाप लागायची. त्याच्या छातीत काय बसलंय ते डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून दाखवलं होतं. त्याने ते लेकीला सांगितलं नाही.

दर शनिवारी तो मुंगीचं औषध दुकानातून आणून लेकीच्या दारात उभा राहायचा. दाराबाहेर खिळ्याला लेकीने धुतलेला एक सदरा अडकवलेला असे. आपला सदरा काढायचा, तो घालायचा, हात धुवायचे, मगच नातीला घ्यायचं.

"खोली कुठवर आली, बाबा?" लेक विचारायची.

"छत तेवढं राहिलंय."

एका मंगळवारी तो वारला. त्याच्या आधीच्या शनिवारीही तो आलाच होता. जिना चढायला वेळ लागला, एवढंच. औषध दिलं, सदरा बदलला, हात कोपरापर्यंत धुतले. मुंगीने त्याचं बोट तोंडात घातलं, तसं त्याने हळूच काढून घेतलं. मग धुतलेला सदरा नीट झटकून खिळ्याला लावला, आपला घातला, आणि "छत तेवढं राहिलंय" म्हणून जिना उतरू लागला.