धुळ्याचा राखीव सर्व्हर

आजही तो प्रसंग आठवला की डोकं फिरतं. जळगावच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या पेढीचे सर्व्हर मी सांभाळायचो. सगळ्या मशिनांच्या कन्सोलवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर मीच बसवलं होतं. काही बिघडलं की ते ऑपरेटरला फोन लावायचं. पण नजर ठेवणारं मशीनच बंद पडलं तर? म्हणून दुसरा, राखीव सर्व्हर धुळ्याच्या शाखेत ठेवला. जळगावचा गप्प झाला की धुळ्याच्याने आपणहून काम हाती घ्यायचं. तो रात्रंदिवस चालू हवा, असं मी शाखेत बजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय लागतं?

ऑपरेटर जळगावजवळच्या असोदा गावची मुलगी, बसने ये-जा करणारी, कामाला चोख. संध्याकाळी ती घरी गेली की फोन तिच्या मोबाइलवर जायचा. एका वादळी संध्याकाळी जळगावचा नजर ठेवणारा सर्व्हर बसला. त्यापाठोपाठ हिशेबाचाही बसला आणि दिवसभराच्या सौद्यांच्या नोंदी गेल्या. वेळेवर फोन गेला असता तर त्या वाचल्या असत्या. सकाळी शेठनी तिला सगळ्यांदेखत झापलं. "फोन आलाच नाही," म्हणत ती मोबाइल पुढे करत राहिली. तो कोणी हातातसुद्धा घेतला नाही. मी दुरुस्तीला पोचलो तोवर तिला काढून टाकलं होतं.

मी तडक धुळ्याला गेलो. राखीव सर्व्हर रोज संध्याकाळी बंद पडत होता. कारकुनाला विचारलं, तर तो चहा पीत शांतपणे म्हणाला, "संध्याकाळी दुकान वाढवताना काकाजी मेन स्विच पाडतात ना."

काकाजी म्हणजे शेठचे चुलते. दुकानाच्या मागेच कापसाचं गोदाम. एक ठिणगी पडली तर सगळं खाक. म्हणून वर्षानुवर्षं ते गादीला नमस्कार करून स्वतःच्या हाताने मेन स्विच पाडायचे आणि मग कुलूप लावायचे. सर्व्हरची बॅटरी थोडा वेळ तग धरायची, मग अंधार.

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

"काकाजींना कोण सांगणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका म्हाताऱ्याला एक वाक्य सांगायची यांना भीड, आणि एका पोरीच्या पोटावर पाय आला तरी यांचा चहा गोडच.

मी गादीसमोर जाऊन बसलो. "काकाजी, तुम्ही स्विच पाडता, त्यामुळे सर्व्हर बंद पडला आणि जळगावच्या पोरीची नोकरी गेली." काकाजींनी सगळं ऐकून घेतलं.

"माले कोणी सांगंच नही, भाऊ," ते म्हणाले. लगेच त्यांनी पुतण्याला, म्हणजे शेठला, फोन लावून दोष स्वतःवर घेतला. "चूक मनी शे. त्या पोरले परत बलाव."

सर्व्हरला मेन स्विचच्या आधीपासून वेगळी लाइन ओढायलाही त्यांनी त्याच दिवशी वायरमन बोलावला. इतकं सोपं होतं ते, याचीच जास्त चीड आली.

शेठनी मुलीला फोन केला. ती आली नाही. पुढे स्टँडवर भेटली तेव्हा मी तिला विचारलं.

"सर, मी सांगत होती तेव्हा कोणाला खरं वाटलं नही," ती म्हणाली. "काकाजी बोलले तेव्हा लगेच पटलं. उद्या तिथं परत काही झालं, तर मी काकाजी कुठून आणू?"