गुरुजींच्या आवाजाचं बटण

आमच्या गुरुजींचं चरित्र छापायचं ठरलंय. त्यासाठी प्रार्थनागृहाच्या समितीचे चिटणीस वही घेऊन माझ्याकडे आले होते. "ताई, लहानपणापासूनच त्यांच्यात काही वेगळं दिसत होतं का?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "दिसत नव्हतं, ऐकू येत होतं." गुरुजी म्हणजे माझा धाकटा भाऊ. तान्हा असताना तो असं भोकाड पसरायचा की शेजारच्या दोन गल्ल्यांना वेगळ्या घड्याळाची गरज नव्हती. म्हणून घरात त्याचं नाव पडलं भोंगा. पुढे बोलायला शिकला आणि उलट गप्पच होत गेला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. हे ऐकून चिटणिसांनी वही मिटली. चरित्रात भोंगा बसत नाही म्हणे.

मग पुढची गोष्ट तर मुळीच बसणार नाही. पण मी शिवणकाम करणारी बाई, उसवलेलं दिसलं की मला राहवत नाही. भोंगाही म्हणाला, "सांग आता." म्हणून सांगते.

तेव्हा भोंगा रेडिओदुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. गल्लीच्या टोकाला प्रार्थनागृह होतं, आणि दर सुट्टीच्या सकाळी तिथे थोरले गुरुजी प्रवचन करायचे. वय सत्तरीच्या पुढचं, आवाज दोऱ्यासारखा बारीक, आणि कानांनी जवळजवळ राजीनामाच दिलेला. शब्द पहिल्या रांगेपलीकडे जात नसत, आणि पहिली रांग राखीव होती तीन आजोबांसाठी, जे गुरुजींहूनही बहिरे. शेवटी समितीनं माइक, मशीन आणि दोन कर्णे घेतले आणि ते चालवायला भोंग्याला नेमलं. मशीन सर्वांत मागे, खांबाजवळच्या टेबलावर असे. मी खांबामागे बसायचे. मला प्रवचनापेक्षा खांब जास्त आवडायचा, टेकून डुलकी काढता येत असे.

थोरले गुरुजी म्हणजे सोन्यासारखा माणूस. आजाऱ्याला स्वतःच्या हातानं भरवतील, अंगावरची शाल काढून कुणाला देतील. पण एक खोड वाईट. आठवडाभर लोक त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मन मोकळं करायचे आणि सुट्टीच्या दिवशी गुरुजी तेच उदाहरण म्हणून घ्यायचे. नाव घेत नसत, हे खरं. पण "तिसऱ्या रांगेत बसलेला, टक्कल पडलेला न्हावी" म्हटल्यावर नाव घ्यायचं राहिलं काय? त्या न्हाव्यानं तीन महिने बायकोशी अबोला धरलाय, हे सगळ्या वस्तीला तिथे कळलं. गुरुजींच्या मनात काळंबेरं नव्हतं. चारचौघांत चूक दाखवली की माणूस सुधारतो, असा त्यांचा भाबडा समज होता. माणूस काही सुधारत नव्हता, यायचा मात्र बंद होत होता. दोनशे होते ते चाळिसावर आले.

एका सुट्टीला बेकरीवाला बायकोला घेऊन आला. महिन्यापूर्वी त्यांचं तान्हं मूल गेलं होतं. बाई मधल्या रांगेत खाली मान घालून बसली होती. थोरल्या गुरुजींनी बोट वर केलं आणि म्हणाले, "मूल का जातं? आईबापांनी कुठेतरी..."

आणि आवाज गेला.

मी खांबामागून डोकावले. गुरुजींचे ओठ हलतच होते. भोंग्याची दोन बोटं आवाजाच्या बटणावर होती, बटण शून्यावर होतं आणि त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. लोकांना वाटलं, गुरुजींना भरून आलं. कुणीतरी डोळे मिटले, मग सगळ्यांनीच मिटले. पाच मिनिटांनी गुरुजींचं बोट खाली आलं, तळवा उघडला, तसं भोंग्यानं बटण फिरवलं आणि "सगळ्यांवर माया करा" एवढं मोठ्यांदा ऐकू आलं. जाताना बेकरीवाली माझा हात धरून म्हणाली, "ताई, आज गुरुजी माझ्यासाठी गप्प बसले हो. महिनाभर सगळे मला काही ना काही सांगतायत, गप्प कुणीच बसलं नव्हतं."

घरी आल्यावर मी भोंग्याला फैलावर घेतलं. "गुरूंच्या तोंडाला झाकण लावतोस? लाज नाही वाटत?"

"वाटते. पण ती बाई तिथे रडली असती, तर जास्त वाटली असती."

मग मी त्याला आणखी चार शब्द सुनावले, पण आवाज उतरवून.

एकदा हात चटावला तो चटावलाच. भोंग्याला खूण सापडली होती. गुरुजी टोचून बोलणार असले की बोट वर जायचं, आणि माया आली की तळवा उघडायचा. बोट वर गेलं की बटण खाली, तळवा दिसला की बटण वर. बघता बघता गुरुजींच्या मौनाची ख्याती झाली. लोक लांबून बस करून येऊ लागले, चाळिसांचे चारशे झाले. न्हावीसुद्धा बायकोला घेऊन आला. इकडे समोर मिटलेले चारशे डोळे बघून गुरुजींना वाटे, लोक पश्चात्तापात बुडालेत. त्यांना हुरूप येई, ते आणखी झोडपून काढत, आणि मौन आणखी लांबे.

(चारशे माणसांचे आठशे डोळे, असं भोंगा मला आत्ता मागून सांगतोय. त्याला अजून दुसऱ्याचं बोलणं दुरुस्त करायची सवय आहे.)

चार वर्षं हे चाललं. भोंगा मात्र वाळत चालला. "ताई, मी चोर आहे. त्यांना एकदा सांगून टाकतो," म्हणायचा. मी म्हणायचे, "सांग की! तुला हाकलून देतील, आणि त्यांना ह्या वयात कळेल की चार वर्षं आपलं कुणी ऐकलंच नाही. दोघांचंही वाटोळं एका दगडात." मग तो जेवणावरून उठून जायचा आणि मला जेवण जायचं नाही.

आणि एक दिवस थोरल्या गुरुजींच्या पुतण्यानं त्यांना कानाचं यंत्र आणून दिलं.

त्या सुट्टीला गुरुजी खुशीत होते. पंख्याचा आवाज ऐकून लहान मुलासारखे वर बघत होते. प्रवचन सुरू झालं. मधेच बोट वर गेलं, "चौथ्या रांगेतला शिपाई..." आणि कर्णे गप्प. गुरुजी थबकले. त्यांनी तळवा उघडला. "माया करा." दणदणीत आवाज. बोट वर केलं. "तो शिपाई..." गप्प. तळवा. "माया करा." दणदणीत. मग त्यांनी बोट वर केलं आणि हळूच म्हणाले, "माया करा." गप्प. नळाला पाणी येतंय का बघावं, तसं चाललं होतं. लोक बिचारे कधी डोळे मिटतायत, कधी उघडतायत. मी भोंग्याला खुणेनं सांगत होते, अरे सोड ते बटण! पण चार वर्षांची सवय, बोट दिसलं की त्याचा हात आपोआप वळत होता. शेवटी गुरुजींनी मागे, थेट भोंग्याकडे बघितलं आणि प्रवचन आवरतं घेतलं.

त्यांच्या खोलीत बोलावणं आलं. मीही गेले, भांडायचीच तयारी करून. गुरुजी खाटेवर बसले होते.

"किती वर्षं?"

"चार, गुरुजी," भोंगा म्हणाला.

"गुरुजी, ह्याचा एकट्याचा दोष नाही," मी पदर खोचला. "तुम्ही जर लोकांना..."

"मुली, जरा थांब." ते भोंग्याकडे वळले. "मागच्या सुट्टीला लोकांनी काय ऐकलं, तेवढं म्हणून दाखव."

भोंग्यानं म्हणून दाखवलं. त्याला शब्द न् शब्द पाठ होता. तासाभराचं प्रवचन सात मिनिटांत संपलं. गुरुजी ऐकत राहिले, मग म्हणाले, "बरा बोलत होतो की मी." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आणि ती बेकरीवाली? तिनं काय ऐकलं होतं?"

"काहीच नाही, गुरुजी."

त्यांनी कानातलं यंत्र काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. मग म्हणाले, "पुढच्या सुट्टीला प्रवचन तू करायचंस. बटणावर मी बसणार."

झालं, मी मनात म्हटलं, आता म्हातारा उट्टं काढणार. दुकानात गिऱ्हाइकाला "उद्या या" एवढं सांगतानाही अडखळणारा माझा भाऊ चारशे माणसांसमोर उभा राहणार, आणि त्याची फजिती कर्ण्यातून गल्लीभर ऐकू जाणार. आठवडाभर मी एक शिवण सरळ घातली नाही.

त्या दिवशी मी खांब सोडला आणि पहिल्या रांगेत तिघा आजोबांच्या शेजारी जाऊन बसले. पडलाच तर धरायला जवळ असावं. भोंगा उभा राहिला. पाणी प्यायला, पुन्हा प्यायला. मग म्हणाला, "रेडिओ बिघडला की आम्ही लगेच उघडत नाही. आधी नुसता ऐकतो. खरखर कुठून येते ते कळलं, की मग हात लावायचा." लोकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जमतंय. एवढ्यात त्याचे कान लाल झाले. लहानपणी चोरून काही खाल्लं की असेच व्हायचे.

"मला एक अपराध कबूल करायचाय," भोंगा म्हणाला. "चार वर्षं तुम्ही ज्याला गुरुजींचं मौन म्हणता, ते..."

आणि आवाज गेला.

मी गर्रकन वळले. थोरले गुरुजी भोंग्याच्या खुर्चीत बसले होते आणि बटण शून्यावर होतं. मी भांडखोर बाई, पहिल्यांदा मनात आलं, म्हातारा स्वतःची झाकली मूठ जपतोय. मग त्यांचा दुसरा हात दिसला. तो भोंग्याकडे वर केलेला होता, आणि तळवा उघडा होता.

मागे चारशे माणसांनी डोळे मिटले होते. भोंगा बोलत राहिला. बेकरीवाली, बोट, तळवा, सगळं त्यानं सांगितलं, रडत रडत, पुटपुटत सांगितलं, आणि एवढ्या गर्दीत ते फक्त मी ऐकलं.

शेजारच्या आजोबांनी मला कोपरानं ढोसलं. "काय म्हणतोय गं तो?"

"काही नाही, आजोबा," मी डोळे पुसत म्हटलं. "मौन चाललंय."