पहिल्या घराचं हळदीकुंकू

वर्गाच्या खिडकीबाहेर नव्या भिंतीवर मजूर पाणी मारत होते. ओल्या सिमेंटचा वास आत आला. सर अमेरिकेतल्या ओसाड मुलखात पहिलं घर बांधणाऱ्या माणसांची गोष्ट शिकवत होते. "यांना सगळ्यात जास्त भीती कशाची वाटत असेल?" कोणी लांडगे म्हणालं, कोणी दरोडेखोर. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. मी त्या ओल्या भिंतीकडे बघत राहिले.

मला शहराबाहेर हातोद रोडवरचं आमचं घर आठवत होतं. नव्या कॉलनीत एकटंच, बिनप्लास्टरचं, पलीकडे नुसता गहू. पहिल्या संक्रांतीला आईने हळदीकुंकू मांडलं आणि काळी साडी नेसून ऊन उतरेपर्यंत दारात बसली. कोणीच आलं नाही.

"येतील गं लोक. सगळे प्लॉट बिक गए हैं," बाबा म्हणाले.

"मग काय, प्लॉटांना कुंकू लावू?"

मी हसले. आई मात्र खरंच उठली आणि शेजारच्या प्लॉटच्या हद्दीच्या दगडाला हळदीकुंकू लावून, तिळाचा लाडू ठेवून आली.

आता तिथे दुमजली घर आहे. तिथल्या काकू दर संक्रांतीला येतात. त्यांचं कुंकू त्यांच्याआधीच तिथे पोचलं होतं, हे आईने त्यांना कधी सांगितलं नाही. मीही सरांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर सांगितलं नाही.