काउंटरवर सांगायचं नाव

नोकरीतल्या बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील आता जुळवून आठवावे लागतात. हा मात्र आपण होऊन समोर येतो. वास्तविक तो माझ्या हद्दीतला नव्हता, माझ्या देशातलाही नव्हता, आणि तेव्हा माझ्या अंगावर वर्दीही नव्हती. यातल्या कुणाचंही नाव मी देणार नाही. का, ते वाचताना कळेलच.

निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी आणि पत्नी मुलाकडे शारजाला राहायला आलो. अल नहदात त्याचा फ्लॅट आहे. पलीकडचा रस्ता ओलांडला की दुबई. नोकरीत असताना मी ठाण्याच्या आवारात शिरलो की ठाणे अंमलदार खुर्ची सोडून उभा राहायचा. इथे वॉचमन मला 'अंकल, पार्सल आया है' म्हणतो. त्याचीही सवय झाली असती, पण माझे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, त्याच इमारतीत राहतात. उभी हयात त्यांनी एका कंपनीची सरकारी कचेऱ्यांतली कामं करण्यात घालवली. अरबी फाडफाड बोलतात. कुठल्याही काउंटरवर गेले की पलीकडचा माणूस 'हबीबी' म्हणून हात पुढे करतो. माझी नातसुद्धा मला ऐकवते, "आजोबा, ही नोज एव्हरीवन हिअर." मला त्यांचा हेवा वाटायचा. खरं सांगायचं तर जळफळाट व्हायचा.

एका रविवारी मी बागेत फेऱ्या मारत होतो. बाकावर बसलेला एक तरुण फोनवर मराठीत ओरडून बोलत होता. "शुक्रवारपर्यंत बघतो. मग गावात सांगून टाक सगळ्यांना, पळाली ती. पोरीला आई सांभाळेल. तिच्या माहेरच्यांना घरात पाऊल ठेवू देऊ नका."

माणूस ओरडून बोलतो तेव्हा त्याला कुणीतरी ऐकावं असं वाटत असतं, हा माझा अनुभव आहे. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि पोलिसात होतो असं सांगितलं. तो आधी दचकला, मग सगळं भडाभडा बोलला.

गडी कोकणातला. बांधकामाच्या साइटवर शटरिंगचं काम करायचा, कंपनीच्या कामगार कॅम्पात राहायचा. बायको अल नहदातल्या एका लेडीज सलूनमध्ये कामाला; चौघींबरोबर एका खोलीत बेडस्पेस, म्हणजे एका बिछान्यापुरती जागा, भाड्यानं घेऊन राहायची. रविवारी दोघं याच बागेत भेटायची. मागच्या रविवारी ती आली नाही. तेव्हापासून फोन बंद.

"सलूनमध्ये विचारलंत?"

"फोन केला होता साहेब. मालकीण बोलली, ह्या नावाची आमच्याकडे कोणच नाय. म्हणजे इतके दिवस खोटंच सांगत होती मला. सलूनच्या गाडीवर एक ड्रायव्हर आहे, केरळवाला. त्याच्याबरोबरच गेली असणार. यल्ला, खलास. मी तिच्या मागे नाय फिरणार."

मी म्हटलं, आधी तिची खोली दाखव.

खोलीत पडदे लावून बिछाने वेगळे केले होते. तिच्या बिछान्याखाली बॅग होती. बाहेरच्या दोरीवर तिचे दोन ड्रेस वाळून कडक झाले होते. पळून जाणारी बाई बॅग सोडून जात नाही, आणि धुतलेले कपडे दोरीवर टाकून तर मुळीच जात नाही. मी तिथल्या एका मुलीला बाजूला घेऊन हिंदीत विचारलं. ती हळूच म्हणाली, "अंकल, किसी का चेन गुम हुआ था. पुलिस आया, उसको लेके गया. बाकी हमको नहीं मालूम."

म्हणजे बाई पळाली नव्हती, ती कोठडीत होती. मी नवऱ्याकडे पाहिलं. बायकोला अटक झालीय हे ऐकून माणूस हादरतो. या गड्याच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटका दिसली. ड्रायव्हर नाही, चोरी आहे, एवढ्यावर तो तरला होता.

आता अटकेतला माणूस शोधायचा कसा? आपल्याकडे मी एक फोन केला असता. इथे मला अरबी येत नाही आणि कुणी ओळखतही नाही. दात-ओठ खात मी व्याह्यांच्या दारावर गेलो.

त्यांनी पद्धत समजावली. जवळच्या ठाण्यात चौकशीच्या काउंटरवर जायचं, नात्याचा पुरावा दाखवायचा, तिच्या ओळखपत्राचा नंबर द्यायचा. नंबर नसेल तर पासपोर्टवर असेल तसं पूर्ण नाव. नवऱ्याकडे नंबर नव्हता. नाव त्यानं सांगितलं, व्याही त्याला घेऊन गेले, आणि तासाभरात परत आले.

"साहेब, रेकॉर्डला असं कुणी नाही," ते सोफ्यावर बसत म्हणाले. "दूतावासाच्या हेल्पलाइनवरही विचारून झालं. इथे सिस्टिमला नाव नसेल तर माणूसच नाही. त्या मुलीनं काहीतरी सांगितलं असेल."

ते हरले याचा मला जो आनंद झाला, तो एखाद्या बाईला कोठडीतून काढायला निघालेल्या माणसाला शोभणारा नव्हता. नवरा मात्र पुन्हा काळवंडला. "बघा," म्हणाला, "पोलिसांकडे पण नाय. मी बोललो होतो." त्यानं तिथंच गावाला लावायला फोन काढला. मी त्याला शुक्रवारपर्यंत थांबायची शपथ घातली आणि कसाबसा परत पाठवला.

त्या दिवशी जेवताना पत्नीचा फोन सारखा वाजत होता. तिच्या शाळेच्या वर्गाचा ग्रुप झालाय. त्यात कुणी एक निवृत्त प्राध्यापक आहेत, रोज सकाळी तिला तिच्या माहेरच्या नावानं सुप्रभात म्हणतात. आमच्या लग्नात, त्या काळच्या रीतीप्रमाणे, ताटातल्या तांदळावर अंगठीनं मी तिचं नवं नाव लिहिलं. तेव्हापासून ती माझ्यासाठी त्याच नावाची. आणि हा कोण लागून गेला जुन्या नावानं हाका मारणारा? तिला ते नाव वाचून हसू येतं, ते मला दिसतं, आणि घास कडू होतो.

घास हातातच राहिला. मी विचारलं, "अगं, हल्लीसुद्धा मुलींची नावं बदलतात का लग्नात?"

"गावाकडे बदलतात की अजून," ती फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली. "कागदावर मात्र जुनंच राहतं पुष्कळदा. कोण करतंय एवढी यातायात."

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला बोलावलं. चहा दिला, समोर बसवलं. चौकशीत आरडाओरडा करणारा अधिकारी मला कधीच आवडला नाही. लहान प्रश्न विचारायचे आणि गप्प बसायचं.

"लग्नात बायकोचं नाव बदललंत?"

"बदलतातच ना साहेब."

"ती इथे लग्नाआधी आली होती की नंतर?"

"आधी. आधीपासून कामाला होती इथे."

"म्हणजे पासपोर्ट माहेरच्या नावाचा."

"बदलला तिनं. मी सांगितलेलं, बदल. ती बोलली, बदलला."

"तुम्ही पाहिलात?"

त्यानं कप बशीत ठेवला.

"सलूनमध्ये तिला कुठल्या नावानं ओळखतात?"

त्याचा आवाज एकदम चढला. "सगळे त्याच नावानं! तो ड्रायव्हर गाडीच्या खिडकीतून त्याच नावानं हाक मारतो तिला, आणि ती हसत हसत जाते. माझ्यासमोर! मी ठेवलेलं नाव एवढ्या मोठ्या शहरात एक माणूस घेत नाय, फक्त मी घेतो. मग मी कशाला विचारू त्या नावानं? त्या नावाची बाई माझी कोण लागते?"

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "काउंटरवर उभा होतो तेव्हाच ठाऊक होतं. पण तोंडातून नाय निघालं."

माझ्या नोकरीत मी पुष्कळ कबुल्या ऐकल्या. त्यात गुन्हा असायचा. इथे गुन्हा नव्हता, तरी त्या माणसाचा चेहरा गुन्हेगारासारखाच पडला होता. त्याला बायको सापडायला हवी होती, पण त्या नावानं सापडायला नको होती. हे दुसऱ्या कुणाला पटलं नसतं. मला पटलं, कारण आदल्या दिवशीचा घास अजून माझ्या घशात होता.

आम्ही तिघं ठाण्यात गेलो. स्वच्छ हॉल, टोकन घ्यायचं, नंबर आला की पुढे व्हायचं. व्याही पुढे सरकले, तसं मी त्यांना दंडाला धरून थांबवलं. म्हटलं, हे त्याला सांगू दे. काउंटरवरच्या तरुण पोलिसानं विचारलं, "इस्म?" म्हणजे नाव.

नवऱ्यानं काल दाखवला नव्हता तो विवाहनोंदणीचा दाखला मोबाइलवर पुढे धरला आणि बायकोचं माहेरचं नाव उच्चारलं. पहिल्यांदा अर्धंच. मग पूर्ण, वडिलांच्या नावासकट. पोलिसानं संगणकात पाहिलं आणि मान डोलावली. ती तिथेच होती. तिचा फोन जमा होता, नवऱ्याचा नंबर पाठ नव्हता, आणि तिच्यासाठी विचारायला कुणीच आलं नव्हतं.

पुढचं काम व्याह्यांचं. जामिनासाठी कुणाचा तरी पासपोर्ट ठेवावा लागतो; नवऱ्यानं स्वतःचा ठेवला. हरवलेली साखळी नंतर खोलीतच सापडली आणि तक्रार मागे घेतली गेली, पण ते पुढे.

ती बाहेर आली ती भिंतीचा आधार घेत. आम्हा दोघा म्हाताऱ्यांकडे तिचं लक्षही गेलं नाही. तिनं नवऱ्याला विचारलं, "आत नाव पुकारलं माझं. तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"तेच नाव?"

"तेच."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "मग पहिल्याच दिवशी सांगायचं होतंत की हो. मला वाटलं, तुम्ही मला सोडलंत."

त्यानं पुढे होऊन तिला आधार दिला. गावाला त्यानं शुक्रवारी फोन केला, पण ती सापडली हे सांगायला.

परत येताना गाडीत व्याही म्हणाले, "साहेब, मानलं तुम्हाला. मला हे सुचलं नसतं." या वाक्याची मी किती दिवस वाट पाहिली होती. ऐकल्यावर मात्र त्याची चव घेता आली नाही. जो हेवा त्या गड्याच्या तोंडावर हात ठेवून बसला होता, त्याच्याच आधारानं मी तपास लावला होता. गुन्हेगाराचं मन ओळखणं सोपं असतं. तेच मन आपल्याही घरात जेवायला बसतं, हे कळायला मला निवृत्त होऊन परदेशी यावं लागलं.

घरी आलो तेव्हा पत्नी फोन हातात घेऊन हसत होती. मी ठरवूनच आलो होतो. जोडे काढले आणि तिला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली, लग्नानंतर पहिल्यांदाच.

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. हसू गेलं होतं.

"तुम्ही नका हो त्या नावानं हाक मारू," ती म्हणाली. "तुमच्या तोंडी ते उलटतपासणीसारखं वाटतं."

आणि तिनं फोन उलटा करून टेबलावर ठेवला.