आठ कोअरचा सल्ला

मित्रांनो, आज केजला दत्ताकडं गेलतो. आमी दोघंबी घरूनच लिनक्सवर काम करतो. मागं त्यानं नव्या कॉम्प्युटरला प्रोसेसर कोणता घेऊ विचारलं, जितके कोअर जास्त तितकं काम झटपट, तेव्हा मीच सांगितलं होतं, "आठ कोअर लई झाले बे." खरं म्हणजे सोळावाला मलाच पाहिजे होता, त्याच्याकडं माझ्याआधी यायला नको होता.

गड्यानं सोळावालाच घेतला!

माझ्या लॅपटॉपवर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कंपाइल होऊन तयार व्हायला अख्खी दुपार जाते. त्याच्याकडं चहा होईस्तोवर झालं. माझ्या पोटात दुखायला लागलं.

"गरम लई होत असंल," मी म्हणलो.

तो हसला. "या मशीनवर तुझ्या नावाचं लॉगिन केलंय. घरून नेटवरनं वापर. दोघांना पुरावं म्हणून तर सोळा घेतले."

आता घरी लॅपटॉप उघडून बसलोय. आधी पासवर्ड टाकू, का आधी त्याला त्या सल्ल्याचं खरं सांगू?