काकाजींची जीप आणि पुढचा शाफ्ट

मी आता जिथं गाडी चालवतो तिथं नाला नाही, चिखल नाही, धानाची बांधी नाही. वाळू आहे, नुसती वाळू. या परक्या देशात फिरायला आलेल्या पाहुण्यांना महागड्या गाडीत बसवून वाळूच्या टेकड्यांवर चढवायचं आणि उतरवायचं, हे माझं काम. गाडीत थंड हवा आहे, पडद्यावर नकाशा आहे, आणि चारही चाकांना ताकद द्यायची तर एक बटण दाबलं की झालं. तरी प्रत्येक फेरीच्या आधी मी वाकून गाडीच्या पोटाखाली बघतो. सोबतचे ड्रायव्हर हसतात. नव्या गाडीखाली काय बघतोस, म्हणतात. एक-दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून मीही हसतो.

समोरून बघितली की मात्र या गाडीची ओळख लगेच पटते. उभ्या फटींची जाळी, तिच्या दोन्ही बाजूंना गोल दिवे. नातवाच्या तोंडावर आजोबांचं नाक दिसावं तसं. कारण या गाडीच्या आधीच्या पिढ्या मी गोंदिया जिल्ह्यात, चिचगडकडच्या जंगलपट्ट्यात पाहिल्यात. एक नुसती ऐकलेली आणि एक सहा वर्षं हातात असलेली.

दोन्ही काकाजींच्या घरच्या. काकाजी म्हणजे आमच्या गावचे म्हातारे शेतकरी. नात्यानं माझे कोणी नाहीत, पण गाव त्यांना काकाजीच म्हणायचं. त्यांच्या पूर्वजांनी आमच्या गावचा तलाव बांधला. पाळ म्हणजे मातीचा बांध कुठं घालायचा, पाणी कुठून अडवायचं, हे त्या घराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. काकाजींच्या वडिलांना तर पाळीवर मुरूम नेताना बैल दमतात हेच बघवेना. कोणीतरी सांगितलं, जबलपूरला लष्कर जुन्या जीपा लिलावात काढतं. ते गेले आणि एक घेऊन आले.

ही गोष्ट काकाजी रंगात येऊन सांगायचे. महायुद्धासाठी अमेरिकेत बनलेली गाडी. दारं नाहीत, टप ताडपत्रीचा, काच पुढं पाडता येते. लढाई संपली तेव्हा अशा ढीगभर गाड्या जगभर उरल्या. कोणी शेतात घातल्या, कोणी जंगलात. मग आपल्याकडेही त्या जुळवायला लागले, आणि पुढं इथंच बनवायला लागले. "लढाईसाठी बनवली न् पाळीवर मुरूम वाहत राहिली," काकाजी म्हणायचे, "याच्याहून चांगलं नशीब कोन्या बंदुकीचं असते का बे?"

त्या पहिल्या जीपचं स्टिअरिंग डावीकडं होतं. त्यामुळं उजवीकडं जो बसेल तो ड्रायव्हर, असं लोकांना वाटायचं. एकदा देवरीच्या बाजारात शिपायानं हात दाखवला आणि उजवीकडं बसलेल्या गावच्या भटजींना लायसन मागितलं. भटजी म्हणाले, मी तर नुसता सत्यनारायणाला जाऊन राहिलो. शिपाई म्हणाला, तो काही वाहतुकीचा परवाना नाही. हे सांगताना काकाजींना दर वेळी ठसका लागायचा.

ती जीप मी पाहिली नाही. माझ्या हातात आली ती काकाजींनी घेतलेली, इथंच बनलेली, त्याच घाटाची लांब जीप. डिझेलवाली, स्टिअरिंग उजवीकडं.

माझी शाळा सातवीनंतर सुटली. सुटली कसली, मीच सोडली. पुढं काही वर्षं मिळेल ते काम केलं. ट्रॅक्टर शिकलो, लायसन काढलं. काकाजींचे गुडघे धरायला लागले तेव्हा ते आमच्या घरी आले आणि म्हणाले, "माह्या गाडीवर बस. पन ऐक, हिले हानाचं नाही. हिले विचाराचं." तेव्हा मी विशीतला होतो, लग्न व्हायचं होतं, आणि सातवी शिकलेल्याला कोणी किल्ली घरी येऊन देतं यावर माझा विश्वास बसत नव्हता. अजूनही नीटसा बसत नाही.

त्या जीपनं काय नाही वाहिलं! तेंदूपत्त्याची पोती, मोहफुलं, नवऱ्या मुली, बदली झालेल्या मास्तरांची ट्रंक, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचे पडदे. तिचा आवाज गावाला दोन वळणं आधीच कळायचा. पावसात ताडपत्रीतून पाणी मानेवर टपकायचं, उन्हाळ्यात सीट भाजायची, आणि तरीही नव्या बंद गाडीत बसून आलेला माणूस म्हणायचा, मजा नाही आली. मला वाटतं, मजा यात होती की तिच्यात लपलेलं काहीच नव्हतं. बॉनेट उघडलं की सगळं समोर. दोन पाने आणि एक पेचकस असला की माणूस घरी पोचायचा.

पुढच्या चाकांना ताकद द्यायची तर मात्र दोन गोष्टी कराव्या लागत. आधी खाली उतरून दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्यावरचे हब हातानं फिरवायचे. मग आत येऊन छोटा दांडा ओढायचा. ही ताकद इंजिनाकडून पुढच्या चाकांपर्यंत एक लोखंडी शाफ्ट नेतो. तो नसेल तर हब फिरवा नाहीतर दांडा ओढा, सगळं नाटक.

आणि तो शाफ्ट मी काढला.

झालं असं. महामार्गावर कोहमाऱ्याच्या एका ढाब्यावर मी चहा पीत होतो. एका जुन्या ट्रकवाल्यानं जीप बघितली आणि म्हणाला, "भाई, गर्मी में आगे का शाफ्ट काहे घुमा रहा है? निकाल दे, तेल बचेगा." मला ते पटलं; हब जुने झालेले, मोकळे सोडले तरी शाफ्ट फिरतच राहायचा. काकाजींसाठी काहीतरी करायची मला फार हौस होती. उपकार फेडायचे म्हणा ना. उन्हाळ्यात नाले कोरडे, शाफ्टचं काम काय? आठ नट काढले, शाफ्ट नटांसकट पोत्यात गुंडाळला आणि जीपच्याच मागच्या बाकाखाली सारला. घरी ठेवला असता तर कोणीतरी विचारलं असतं.

महिन्याभरानं काकाजी म्हणाले, "काय केलं रे हिले? डिझेल कमी पिऊन राहिली. तुह्या हाताले गुन आहे." तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण काकाजींनी पाठीवर हात ठेवला आणि मी तोंड मिटलं. पावसाळ्याच्या आधी गुपचूप लावून टाकू, असं ठरवलं. मग बियाणं आणायचं निघालं, मग खत, मग कोणाचं लग्न. पाऊस आला. शाफ्ट बाकाखालीच.

श्रावणात तलावात मासोळीचं बीज सोडतात. तलाव काकाजींच्या पूर्वजांनी बांधलेला, पण मासोळी ढिवरांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या, सोसायटीची. तिची अध्यक्षीण एक साठीची बाई होती, सगळे तिला मावशी म्हणायचे. बीज म्हणजे बोटाच्या पेराएवढी पिल्लं, रोहू आणि कतला. प्लास्टिकच्या फुगवलेल्या थैल्यांत खाली पाणी, वर हवा भरलेली असते. उशीर झाला किंवा ऊन लागलं तर आतली पिल्लं मरतात. सोसायटीच्या घरांची वर्षाची कमाई त्या थैल्यांत होती. मत्स्यबीज केंद्राचा टेम्पो कोहमाऱ्यापर्यंत आला. आमच्या गावच्या नाल्यातून तो जाणार नव्हता. तिथून पुढं जीप. वीस थैल्या मागं ओल्या पोत्यांखाली लावल्या. मावशी बाकावर बसून दोन्ही हातांनी थैल्या सांभाळत होती, काकाजी माझ्या शेजारी.

देवरी सोडली, चिचगडच्या रस्त्याला लागलो. पाऊस उघडला होता. माझं लक्ष रस्त्यावर कमी आणि मावशीच्या बाकाखाली जास्त.

नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, आदल्या आठवड्यात वाहून गेला होता. बाजूनं गाडीवाट होती. पाणी गुडघ्याखाली, पण पलीकडचा चढ पायथ्याशी चिकट मातीचा, वर मुरमाचा.

"उतर, हब फिरव," काकाजी म्हणाले.

मी उतरलो. दोन्ही हब फिरवले. काही उपयोग नाही हे माहीत असून नीट, आवाज होईपर्यंत फिरवले. मनात म्हटलं, मागच्या चाकांवरच झटक्यात काढू. आत येऊन दांडा ओढला. पाण्यातून सुखरूप निघालो. पुढची चाकं पलीकडच्या मुरमावर चढली आणि मागची चिखलात बसली. गाडी ओरडली, हलली नाही. अजून रेस दिली, अजून रुतली.

काकाजींनी बाजूनं वाकून पुढच्या चाकाकडं बघितलं. "हे चाक काऊन नाही फिरून राहिलं?"

मी दांड्याकडं बघितलं.

"दांडा ओढला?"

"ओढला जी."

"हब?"

"फिरवले जी."

"मंग?"

"शाफ्ट नाही जी."

मागून मावशी ओरडली, "शाफ्ट म्हंजे काय? माह्या पिल्लांले ऊन लागून राहिलं ना!"

काकाजींनी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. "कुठी आहे?"

"मावशीच्या खाली."

आयुष्यात माझ्या तोंडून इतकं लाजिरवाणं वाक्य निघालेलं नाही. मावशी खाली बघायला लागली. "माह्या खाली? मी कवापासून बसली आहे त्याच्यावर?"

"कोहमाऱ्यापासून," मी म्हणालो.

"अन् हा बोलला नाही! उठू का बसू? उठली तर थैल्या कोन धरन?"

शेवटी काकाजींनी थैल्या धरल्या, मावशी उठली, मी पोतं ओढलं. घाई नडली. शाफ्टचं लोखंडी तोंड पोत्यातून बाहेर आलं आणि दोन थैल्यांना लागलं. फस्स करून हवा गेली, पाणी जीपभर झालं, आणि पत्र्याच्या तळावर शेकडो पिल्लं चांदीच्या चुऱ्यासारखी उड्या मारायला लागली. मी शाफ्ट हातात धरून उभा. मावशी मात्र क्षणभरही थांबली नाही. पदरात, ओंजळीत पिल्लं भरत गेली आणि नाल्यात सोडत गेली. "जा माय, जा. तुमच्या नशिबात नाला होता."

मी गाडीखाली शिरलो. पाठ चिखलात, तोंडावर गाळ. आठ नट. बोटं चिखलानं अशी बुळबुळीत झाली होती की एक नट निसटून गेला तो गेलाच. आसपास चिटपाखरू नव्हतं. सगळं गाव पलीकडच्या धानाच्या बांध्यांमध्ये निंदायला. काकाजी गुडघ्यांची तक्रार न करता चिखलात बसले आणि एकेक नट माझ्या हातात देत राहिले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. वरून मावशीचा आवाज येत होता. ती पोत्यांवर नाल्याचं पाणी मारत होती आणि माझ्या सात पिढ्यांची विचारपूस करत होती.

सात नटांवर शाफ्ट बसला. आत बसलो, दांडा ओढला. पुढची चाकं मुरमात कर्रकन्‌ चावली आणि जीप म्हातारी म्हैस उठते तशी आधी पुढून, मग मागून उठली. चढ चढून वर आली.

तलावावर थैल्या आधी तशाच पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं होईपर्यंत. मग मावशीनं एकेक तोंड सोडलं. मी पाळीवर उभा राहून बघत होतो. काही पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगली. बाकीची एक झुबका होऊन खाली गेली. किती जगली, किती नाही, पाण्यात कळत नाही. मावशीनं पदर पिळला आणि मला म्हणाली, "हिवाळ्यात जाळं टाकू तवा येजो. दोन दिस ओढाचं. तवा कळन तुले तू काय केलं."

घरी आल्यावर मी किल्ली काकाजींच्या पुढं ठेवली. ते पाय धूत होते.

"हे कायले?"

"चूक झाली जी."

"झाली ना. म्हनून का मी आता नाल्यात झोपू? ठेव खिशात." पाणी ओतत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "डिझेल वाचवलं त्याचं वाईट नाही. मी पाठीवर हात ठेवला तवा बोलला नाही, ते वाईट."

त्यानंतरचे चार महिने मी रोज तलावाकडं बघत काढले. बगळे जास्त दिसले तरी भीती, कमी दिसले तरी भीती. मग थंडीत एका सकाळी सोसायटीनं जाळं टाकलं आणि मी ठरल्याप्रमाणं गेलो. पाणी असं गार की पायाची बोटं आहेत की नाहीत कळेना. मी दोरी खांद्यावर घेतली. सुरुवातीला जाळं हलकं आलं. अगदी हलकं. मी दोरी धरून थांबलो.

"थांबला काऊन बे? ओढ ना!" मावशी पलीकडून ओरडली.

ओढलं. मध्यावर आल्यावर दोरी एकदम ताणली, आणि मग जाळ्यात जे उसळलं, त्यानं माझ्या अंगावर, डोळ्यांत, तोंडात पाणी उडवलं. रोहू मनगटाएवढ्या झाल्या होत्या. मावशीनं एक उचलली, शेपटीला धरून माझ्यापुढं केली. "पाह्य. हे तुह्या अठरातली असन." वीस थैल्यांतल्या दोन वजा करून ती बोलत होती. हसत होती की टोमणा मारत होती, मला अजून ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या दिवशीही गेलो.

त्यानंतर दोन वर्षांनी इकडं यायची संधी आली. बाकी सगळे कागद जमले. आधीच्या मालकाचं पत्र हवं होतं. सातवीचा दाखला दाखवायची मला लाज वाटत होती, म्हणून या पत्रावरच माझा सगळा भरवसा होता. काकाजींनी चष्मा लावून, वहीच्या कागदावर, मराठीत लिहिलं: "हा मुलगा सहा वर्षं माझ्या जीपवर होता. गाडी आणि पाणी दोन्ही त्याला समजतं. चूक केली तर कबूल करतो, पण जरा उशिरा."

इथल्या मालकानं मुलाखतीत तो कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि यात काय लिहिलंय असं विचारलं. मी म्हणालो, लिहिलंय की याला गाडी समजते. त्यानं मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून ये म्हणाला.

पत्र माझ्या पासपोर्टमध्ये आहे. शेवटचं वाक्य त्याला अजून सांगायचं आहे.